घर लेआउटमधलं, पण नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, दुपारचे तीन वाजलेले असतात. मुलं शाळेत, 'हे' ड्यूटीवर, भांडी घासून झालेली. बाहेर ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आपण आपल्या स्वतःच्या, नव्या, स्लॅबच्या घरात बसलेल्या असतो आणि एकाएकी वाटतं, हे घर आपल्याला हवं होतं खरं. पण इथे बोलायला कुणीच नाही!

तुमच्यापैकी ज्या गावठाणातलं जुनं घर सोडून गावाबाहेरच्या लेआउटमध्ये राहायला गेल्या असतील, त्यांना मी काय म्हणते ते चटकन कळेल. हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावाला अशी लेआउटांची किनार लागली आहे. आमचं कळमेश्वरच पाहा ना. नागपूरहून काटोल रोडने फेटरी ओलांडली की पुढे आमचं गाव. अंतर वीस-बावीस किलोमीटर. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरचं स्टेशन, जवळच औद्योगिक वसाहत, आजूबाजूला संत्र्याच्या बागा आणि कापसाची काळी जमीन. नागपुरातल्यापेक्षा इथे प्लॉट स्वस्त, म्हणून नोकरदार माणूस इकडे वळतो. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला खांब पुरलेला रिकामा प्लॉट आणि मध्ये आपलं घर!

आज मी या घराविषयीच चार गोष्टी सांगणार आहे. काही घर थंड ठेवण्याच्या, काही शेजाराच्या, आणि एक कागदांची. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तोवर वाचणं सोडू नका, बरं का!

जुनं घर काय करत होतं?

माझं सासरचं जुनं घर कवेलूचं. पुढे छपरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. भिंती मातीच्या, हातभर जाड. जमीन दर आठवड्याला सारवायची. त्या सारवणाचा मला कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू? पावसाळ्याआधी कवेलू फेरायची, माकडं आली की पुन्हा फेरायची. नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता.

आत्याबाईंनी मात्र प्लॉट पाहिला आणि म्हणाल्या, "काऊन वं सूनबाई, सारं सिमेंट सिमेंटच करून टाकलं तं सडा कुठं टाकशीन?"

मला तेव्हा हसू आलं. पहिल्या उन्हाळ्यात कळलं, की त्या सड्यापुरतं बोलत नव्हत्या.

मातीची जाड भिंत दिवसाचं ऊन सावकाश आत घेते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅबचं तसं नाही. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली आपल्या अंगावर सोडतो. विदर्भातला उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवसांत सिमेंटचं घर म्हणजे भट्टीच.

तेव्हा घर बांधणार असाल किंवा बांधून बसला असाल, तर एवढं करा.

स्लॅबवर होळीच्या सुमाराला चुन्याचा जाड हात द्या. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक घालायचा म्हणजे तो हाताला लागत नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो. ही काही आपल्या आजीचीच युक्ती राहिलेली नाही. अहमदाबाद शहराने २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरं अशीच पांढरी करायला घेतली.

पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी ठेवू नका. तिथे न्हाणीघर, जिना किंवा कपाटं येऊ द्या. पश्चिमेलाच, पण घरापासून पुरेसं दूर, एक कडुनिंब लावा. पाच-सहा वर्षांत त्याची सावली भिंतीवर येते.

कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. पुष्कळजणी दारं-खिडक्या बंद करून कूलर लावतात आणि मग "घाम सुटतो" म्हणून तक्रार करतात. ओली हवा बाहेर जायला वाट नको का? आणि एक हात जोडून सांगते: पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनसुद्धा काढा. अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून दर वर्षी पाहून घ्या. ओल्या हाताने कूलरला हात लावल्यामुळे आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा काढून टाकी घासून पुसा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला सात-आठ दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरड्या टाकीलासुद्धा चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही.

काळी माती आणि भिंतीची भेग

आमच्या बैठकीच्या भिंतीला दुसऱ्याच वर्षी तिरपी भेग गेली. मी घाबरले. मिस्त्री आला, त्याने पोटीन भरलं, रंग मारला. पुढच्या मे महिन्यात भेग पुन्हा हजर!

मग एका जाणत्या ओव्हरसियरनी समजावून सांगितलं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तशीच ती घराखालीही हालते. पाया काळ्या थराच्या खाली, मुरुमापर्यंत नेला आणि जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरून ठोकला, तरच घर स्थिर राहतं. इथे पैसे वाचवले की ते नंतर दुपटीने जातात.

घर बांधून झालं असेल तरी हातात थोडं आहे. घराभोवती पाणी मुरू देऊ नका. गच्चीचं पाणी पाइपने दूर सोडा, मोरीचं पाणी भिंतीशी साचू देऊ नका, आणि घराला लागून चारी बाजूंनी उताराची फरशी करून घ्या. केळ, अळू यांसारखी सदा ओली राहणारी आळी भिंतीपासून लांब ठेवा. मोठं झाडही भिंतीजवळ नको. ते पायाखालचं पाणी शोषतं.

गावाबाहेर गटाराची सोय नसेल तर सेप्टिक टँक आलाच. काळ्या मातीत शोषखड्ड्याचं पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा खाली मुरुमापर्यंत खोल न्यायला सांगा आणि बोअरपासून पन्नास फूट तरी लांब ठेवा. टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यायचा असतो. तो कुठे आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असू द्या. आमच्या ओळखीत एकीने त्याच्यावरच टाइल्स बसवून घेतल्या होत्या!

कुरड्यांनी जोडलेला शेजार

आता एकटेपणाबद्दल. गावठाणात भिंतीला भिंत होती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी शेजारणीला कळायचं. त्याचा त्रासही होता. पण ताप आला तर दुपारी कुणीतरी पेज घेऊन यायचं.

लेआउटमध्ये प्रत्येकीला कंपाउंड आणि कंपाउंडला फाटक. शेजारी कोण? एक कुटुंब काटोलकडचं, एक बिहारचं, एक आर्वीचं, एक तेलुगू बोलणारं. पुरुषांची ओळख कारखान्याच्या गेटवर होते. बायकांची कुठे व्हायची?

आमच्याकडे ती कुरड्यांनी झाली. मी गहू भिजत घातले होते. तीन दिवस रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला आणि चौथ्या दिवशी पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायला घेतला. चीक शिजताना एका हाताचं काम नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. ढवळणारी थांबली की गुठळ्या! घरात दुसरी बाई नव्हती; आत्याबाईंनी जुनं घर सोडलं नव्हतं. मी फाटकाबाहेर जाऊन समोरच्या बिहारच्या वहिनीला हाक मारली. तिला कुरडई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण तिने पदर खोचला आणि ढवळायला लागली. ज्या तापलेल्या स्लॅबला मी दोन महिने शिव्या देत होते, त्याच्यावर जुन्या साड्या पसरून आम्ही साऱ्या कुरड्या घातल्या. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळल्या. पुढच्या वर्षी पाच घरांचा चीक एकाच अंगणात शिजला.

तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेआउटमधली सारी पोरं लाकडी बैल घेऊन आमच्याच फाटकाशी तान्हा पोळा भरवतात. भुलाबाईच्या महिन्यात मुली घरोघर जातात, खिरापत ओळखायचा खेळ होतो. तेलुगू बोलणाऱ्या काकूंची खिरापत कुणालाच ओळखता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे सर्वांत जास्त गर्दी! आषाढात सगळ्याजणी मिळून धापेवाड्याला विठोबाच्या दर्शनाला जातो, कधी अदाशाच्या गणपतीला. महिन्याची भिशीही सुरू झाली.

माझं सांगणं एवढंच, की शेजार आपोआप होत नाही. फाटक आपणच उघडावं लागतं. पहिली हाक मारायला कमीपणा मानू नका. आणि हाक मारून ठेवलेली असली की ती कधी उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही. आमच्या बाबतीत ते कसं झालं, ते ऐका.

एका रात्रीत

आमच्या ओळीतल्या चौथ्या घरातली एक मैत्रीण. नाव सांगत नाही. नवरा कारखान्यात, दोन लहान मुली, सोबत सासू. मोठ्या हौसेने घर बांधलेलं, दारासमोर मोगरा. एका रात्री नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं आणि नागपूरला नेता नेता सारं संपलं. वय अवघं एकोणचाळीस.

तेरावं झालं. मग कागद पाहायला घेतले, तेव्हा कळलं की प्लॉटची रजिस्ट्री झालेलीच नाही! किस्तीने घेतलेला प्लॉट. हातात एक करारनामा आणि पावत्यांचं पुडकं. "सारे पैसे भरून झाले, रजिस्ट्री पुढच्या महिन्यात करू," असं तो तीन वर्षं म्हणत राहिला होता. तोवर जागेचे भाव वाढले. प्लॉट विकणारा आता टोलवाटोलवी करायला लागला. दुसरीकडून मोठे दीर येऊन बसले: "आईचं काय ते आधी पाहा."

त्या बाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरासाठी बांगड्या तिने मोडल्या होत्या. घराला पाणी तिने मारलं होतं, विटा तिने मोजल्या होत्या. पण एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं.

आम्ही पाचजणी आळीपाळीने तिच्याबरोबर गेलो. वकिलाकडे, तहसीलला, रजिस्ट्रारकडे. एकटी बाई गेली की "उद्या या" म्हणतात. तीन बायका गेल्या की निदान खुर्ची देतात. सुदैवाने शेवटच्या किस्ती चेकने दिलेल्या होत्या, म्हणून बँकेत पुरावा निघाला. दोन उन्हाळे गेले तेव्हा कुठे वारसांच्या नावाने विक्रीपत्र झालं.

वारस कोण? इथे आपल्या पुष्कळजणींचा गैरसमज असतो. नवरा गेला की घर बायकोचं, असं आपण धरून चालतो. तसं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई या सर्वांना सारखे वाटे मिळतात. म्हणजे आमच्या मैत्रिणीचा हिस्सा होता चार आण्यांचा! दोन मुलींचे चार-चार आणे, सासूचे चार आणे. दिराला थेट काहीच नाही. पण उद्या सासूचा हिस्सा त्यांच्याकडे जाऊ शकला असता. आग्रह होता तो त्यासाठी.

ती म्हातारी बाई शिकलेली नव्हती. सहा महिने घरात गप्प बसून होती. एक दिवस सकाळी लुगडं बदलून ओसरीत येऊन बसली आणि म्हणाली, "चाल वं सूनबाई, मले त्या हापिसात घेऊन चाल. माह्या पोरानं हे घर तुह्यासाठी अन् पोरींसाठी बांधलं. मले कायले पायजे वाटा?" तिने रजिस्ट्रारसमोर सुनेच्या नावाने हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला. परत येताना रिक्षात आम्ही कुणीच बोलत नव्हतो.

प्रत्येकीला अशी सासू मिळेलच असं नाही. आणि कुणाच्या चांगुलपणावर आपलं छप्पर टांगून ठेवणं बरं नव्हे.

कपाट उघडा

म्हणून आज दुपारी कपाटातली ती पिशवी काढा आणि बसा.

पहिलं, विक्रीपत्र नोंदलेलं आहे का पाहा. करारनामा, इसारपत्र, पावत्या यांनी मालकी येत नाही.

दुसरं, लेआउट मंजूर आहे का, जमीन अकृषक झाली आहे का ते पाहा. सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर आणि नगरपरिषदेच्या घरटॅक्सच्या पावतीवर कुणाचं नाव आहे? विक्रीपत्रानंतर फेरफार करून घ्यायचा असतो. पुष्कळ ठिकाणी अजून जुन्या शेतमालकाचंच नाव असतं. प्लॉट मंजुरीशिवाय पाडलेला असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित होतो का, याची चौकशी करा.

तिसरं, घरासाठी कर्ज काढलं असेल आणि तुमची सहकर्जदार म्हणून सही असेल, तर विक्रीपत्रावरही तुमचं नाव आहे ना? नसेल तर कर्ज फेडायची जबाबदारी तुमची आणि घर मात्र तुमचं नाही, असा प्रकार होतो.

चौथं, अजून घर घ्यायचं असेल तर सोयी जाणून घ्या. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून तयार घर किंवा फ्लॅट केवळ स्त्रीच्या नावाने घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्यात आली. घर आधीच पतीच्या नावावर असेल, तर ते किंवा त्यातला हिस्सा पत्नीला बक्षीसपत्राने देता येतो. राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क दोनशे रुपये ठेवलेलं आहे. नोंदणीचा खर्च आणि स्थानिक अधिभार वेगळा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती लागते. जाण्याआधी रजिस्ट्रारच्या कार्यालयात त्या दिवशीचे दर विचारून घ्या.

पाचवं, मृत्युपत्र. दोघांनीही करावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. त्यात अभद्र काही नाही. आपण पोरांसाठी विमा काढतोच ना?

आणि ज्या कुणाला "हे घर तुझ्या नावाचं आहे का? चालती हो!" असं ऐकावं लागत असेल, तिने एवढं लक्षात ठेवावं: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीला संसाराच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग ते कुणाच्याही नावावर असो. रीतसर कायद्याच्या मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

आमच्या घरी काय झालं?

तुम्ही म्हणाल, सांगायला सोपं आहे, नवऱ्याजवळ विषय कसा काढायचा? खरं आहे. मलाही तेच अवघड गेलं. "माझं नाव घाला" म्हटलं की "माझ्यावर विश्वास नाही का?" हे ठरलेलं. काही घरांत तर "मी मरावं म्हणून बसलीस का?" इथपर्यंत जातं.

मी भांडले नाही. एका रविवारी ह्यांना त्या मैत्रिणीच्या पावत्यांचं पुडकं दाखवलं. दोन वर्षांच्या खेपांचा हिशोब सांगितला. मग एवढंच म्हटलं, "तुम्ही आहात तोवर मला कशालाच कमी नाही. तुम्ही ज्या दिवशी घरी नसाल, त्या दिवशी मला कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये, इतकंच." हे बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. पंधरा दिवसांनी स्वतःच वकिलाला विचारून आले आणि अर्ध्या घराचं बक्षीसपत्र झालं.

आत्याबाई आता आमच्याकडे राहायला आल्या आहेत. मागच्या बाजूची थोडी फरशी उखडून, भिंतीपासून लांब, त्यांच्यापुरतं अंगण केलं आहे. सकाळी त्या तिथे सडा टाकतात आणि मी रांगोळी काढते. फाटकावरची पाटीही बदलली. आधी एकच नाव होतं, आता दोन आहेत.

तुमच्या फाटकावर किती आहेत, मैत्रिणींनो? पाटीवर नसलं तरी एक वेळ चालेल. कपाटातल्या त्या पिशवीत मात्र नक्की पाहा.